भुईची तार

तुळजाबाईवर सवत आणली ती तुळजाबाईनंच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कोणी तिच्या नवऱ्याला शिव्या घालील. शिव्या खाण्याजोगा तो होताच, पण या बाबतीत नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही कूस उजवेना, तेव्हा तीच पाचाडला जाऊन मुलगी बघून आली, तिच्या हातची भाकरी खाऊन आली, आणि "पोरगी कामाची हाय, तोंडानंबी गोड हाय" असं सांगून महिपतीच्या गळ्यात तिनंच येसूबाईला बांधली. केवढं मोठं मन, असं सगळं महाड म्हणालं. तुळजाबाईलाही तसंच वाटलं. नवरा वाटून घेणं तिला जमलं. दिवे वाटून घेणं मात्र जमलं नाही.

हे दिवे कसले, ते कळायला आधी महिपतीची गिरण कळली पाहिजे. महाडहून पोलादपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्याची भातगिरण होती. भात सडायचं यंत्र, ज्याला सगळे हलर म्हणत, ते रस्त्याकडेच्या छपरात होतं, कारण बैलगाड्या तिथंच लागत. पण तेलाचं इंजिन मात्र पार मागे विहिरीजवळ, कारण त्याला थंड करायला पाणी लागायचं. मधे आंब्याची राई. एवढ्या लांब इंजिनाचा पट्टा हलरपर्यंत पोचणार कसा? तेव्हा महिपतीनं मुंबईत बंद पडलेल्या एका कारखान्याच्या लिलावातून जुना डायनामो आणि जुनी मोटार उचलली, बोटीनं दासगाव बंदरात उतरवली आणि गाडीत घालून घरी आणली. इंजिन डायनामो फिरवायचं, डायनामोतून दोन तारा राईतून छपरापर्यंत यायच्या, आणि तिथं मोटार हलर फिरवायची. "आमच्याकडे वीज हाय," हे वाक्य महिपती त्यानंतर जिथं तिथं बोलायचा. लग्नकार्यात बोलायचा, मयताला गेला तरी बोलायचा.

वीज होती आणि ती चावतही होती. हलरवर काम करणाऱ्या बायका म्हणायच्या, मोटारीला हात लागला की हातात मुंग्या येतात, पावसाळ्यात तर कोपरापर्यंत सणक जाते. पुरुष हसायचे. त्यांना काहीच व्हायचं नाही, कारण त्यांच्या पायात जाड कातडी वहाणा आणि बायका अनवाणी. ओल्या जमिनीवर उभ्या, वर पायांत चांदीची जोडवी. पण हे कळायला कोणी विचारायला तर हवं! महिपतीनं मोटारीपुढे नारळ फोडला आणि विषय मिटवला. ठकूबाई म्हणून जी सगळ्यांत जुनी कामकरीण, ती म्हणाली, "नारळानं तिचं पोट भरत नाय, धनी. ती आमालाच खाते." तरी कोणी मनावर घेतलं नाही.

शेवटी एकदा तुळजाबाईलाच झटका बसला आणि तिच्या हातातलं सूप लांब उडून पडलं. मालकिणीला बसला म्हटल्यावर मग दत्तारामला बोलावणं गेलं.

दत्ताराम पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, मुंबईच्या एका गिरणीत तारांची कामं करणारा. सुटीवर आला होता. त्यानं आधी पुरुषांना बाजूला केलं आणि बायकांना विचारलं, कुठं लागतं, कधी लागतं, पाय कोरडे असले तर लागतं का. कोणी इतकं नीट विचारील असं बायकांना वाटलंच नव्हतं, त्यामुळे त्या लाजून एकमेकींकडे बघत राहिल्या. उत्तरं दिली ती तुळजाबाईनं. दत्तारामनं मान डोलावली.

"बराबर," तो म्हणाला. "करंट दोन तारांत खेळतो, वयनी. एकीनं येतो, दुसरीनं परत जातो. भुईशी त्याचं काय देनंघेनं नाय. पन मोटारीच्या पोटात तारेवरचं कापड कुजलं, ओल धरली, की तार लोखंडाला शिवते. मग तो लोखंडात येऊन बसतो आनि भुईत जायाची वाट बगतो. मानूस अनवानी उभा राह्यला की त्याला वाट गावली."

"पन मोटार तर चालते," तुळजाबाई म्हणाली.

"तीच तर खराबी! मोटार चालते, हलर चालतो, कोनाला काय कळत नाय. एकदम कुनीतरी चिकटल्यावर कळतं."

त्यानं दोन कामं केली. एक म्हणजे विहिरीकडच्या ओल्या जागी खड्डा खणून त्यात तांब्याचा पत्रा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, आणि तिथून एक उघडी तांब्याची तार आणून मोटारीच्या लोखंडी पायाला बोल्टनं घट्ट आवळली. म्हणजे लोखंडात करंट आला तर तो माणसाची वाट न बघता सरळ भुईत जाईल. हिला सगळे भुईची तार म्हणू लागले. दुसरं काम म्हणजे छपरात फळीवर शेजारी शेजारी दोन दिवे लावले. दोन्ही एकसारखे, एकामागून एक जोडलेले. एकाचं टोक ह्या तारेला, दुसऱ्याचं त्या तारेला, आणि दोघांच्या मधून एक तार खाली भुईत. सगळं ठीक असलं की दोन्ही दिवे मंद आणि सारखे जळायचे. एखादी तार कुठं भुईला लागली, की तिच्या बाजूचा दिवा मावळायचा आणि दुसरा लखलखायचा.

ठकूबाईनं ते एकदा बघितलं आणि त्या दिव्यांना ती 'सवती' म्हणायला लागली. तेव्हा येसूबाई या घरात यायची होती, त्यामुळे तुळजाबाईही पोट धरून हसली. येसूबाई आल्यावर ठकूबाईनं ते नाव टाकून दिलं. तिनं टाकून दिलेलं तुळजाबाईला जास्त लागलं.

दिव्यांवर नजर ठेवायचं काम दत्तारामनं तुळजाबाईला दिलं. का, तर ती दिवसभर छपरातच असायची आणि तिनं सगळ्यांत जास्त विचारलं होतं. तिनं तेव्हा आणखीही विचारलं, "आनि ही भुईची तार मोटारीपासून सुटली तर?"

दत्ताराम तिच्याकडे बघतच राहिला. "हे मला मुंबयत कुनी विचारलं नाय," तो म्हणाला. "सुटली तर दिवे आंधळे, वयनी. मोटारीत काय चाललंय त्याची खबर त्यांना ह्याच तारेतून लागते. तार सुटली की दोन्ही दिवे मजेत सारखे जळतील आनि मोटार मात्र चावायला तयार. तवा दिवे बगताना ही तारपन बगायची. आनि मोटारीला हात लावायचाच झाला तर पालथा. सुलटा लावला तर मूठ आवळते, मग सुटत नाय."

पालथा हात, दोन दिवे, एक तार. तुळजाबाईला आयुष्यात प्रथमच असं काहीतरी ठाऊक होतं जे तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याचा तिला किती आनंद झाला हे ती कोणाला बोलली नाही, पण त्या दिवसापासून तिचं चालणं बदललं. सकाळी देवाला हात जोडायच्या आधी ती दिवे बघायची. एका आषाढात राईतल्या तारेचं कापड उंदरांनी कुरतडलं आणि तार ओल्या खांबाला लागली. उजवा दिवा मावळला तसं तिनं ओरडून कुशाबाकडून इंजिन बंद करवलं. कुशाबा म्हणजे इंजिनवाला, तो सहसा कोणाचं ऐकायचा नाही, पण तिचं ऐकला. तार शोधून काढली तेव्हा महिपतीनं ती गोष्ट बाजारात सांगितली, आणि सांगताना दिवा मावळलेला त्यानं स्वतःच पाहिला असं सांगितलं. तुळजाबाईनं तेही चालवून घेतलं. कुशाबाला खरं माहीत होतं, तेवढं तिला पुरे होतं.

मग येसूबाई आली. कामाला वाघ, बोलायला गोड, केसांचा अंबाडा मुठीत न मावणारा. आल्या आल्या "आक्का, आक्का" करत तुळजाबाईच्या मागं मागं. तिचा राग करायलाही जागा नव्हती, आणि ज्याचा राग करता येत नाही त्याचा माणूस दुप्पट राग करतो. तरी तुळजाबाईनं ओठ आवळून दिवस काढले. पहिल्या पावसाळ्यानंतर एक दिवस महिपती जेवता जेवता म्हणाला, "तुळजे, तू आता घर बग. किती उभी राहशील तिथं धुरळ्यात? दिवे येसू बगंल. सोपं काम हाय."

सोपं! तुळजाबाईच्या हातातली पळी आमटीत पडली. खरं कारण तिला ठाऊक होतं: महिपतीला दिवसभर येसूबाई डोळ्यांसमोर हवी होती. घरात कोणाशेजारी कोण झोपतं याचा तिनं कधी हिशेब ठेवला नव्हता. पण तो फळीवरचा उजेड तिचा होता. तो उचलून, भाजीची टोपली द्यावी तसा, त्यानं त्या पोरीच्या हातात दिला. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रात्री तिनं गोधडी तोंडात धरून रडून घेतलं आणि सकाळी उठून चेहरा असा ठेवला की कोणाला काही दिसू नये.

येसूबाई शिकायला आली. "आक्का, मला सांगा ना, काय बगायचं?"

"दोनी सारखे जळले की समदं ठीक," तुळजाबाई म्हणाली. "नायतर इंजिन बंद करायला सांग."

"बस? एवडंच?"

"एवडंच. सोपं काम हाय."

भुईच्या तारेबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. विसरली नव्हती. जिभेवर आलेलं तिनं गिळलं. आपल्याला जे कळतं ते सगळं हिला कळलं, तर मग आपल्याकडे राहिलं काय, असं तिला वाटलं, आणि वाटलं तसं ती वागली.

पुढच्या श्रावणात सावित्री नदीला पूर आला आणि रस्त्याकडच्या छपरात घोट्याएवढं पाणी शिरलं. मोटारीला ओल चढली. पाणी ओसरल्यावर इंजिन लावलं तर डावा दिवा उजव्यापेक्षा मंद. मावळला नव्हता, पण दुखणाईतासारखा फिका. गौरी-गणपतीला दत्ताराम गावी आला होता, त्याला महिपतीनं निरोप धाडला. तो आला त्या दिवशी महिपती पंचायतीच्या कामाला गेला होता आणि येसूबाई सणाला माहेरी पाचाडला. घरात तुळजाबाई. तोही तिलाच शोधत आला होता.

"पोटात ओल हाय," तो मोटार बघून म्हणाला. "दिवाळीला येतो तवा उघडून नवीन कापड गुंडाळतो. तवर चालवा. भुईची तार पक्की हाय, करंट तिथनं जातोय म्हनून तर डावा दिवा फिका दिसतो. असाच फिका राह्यला तर घाबरू नका. आनखी पडला तर बंद करा. आनि त्या तारेला कुनी हात लावू नका, वयनी. सगळा भार तिच्यावर हाय."

"नवीन मालकिनीला सांगते," तुळजाबाई म्हणाली.

दत्ताराम बोटीनं मुंबईला गेला. येसूबाई माहेराहून आली. तुळजाबाईनं तिला एवढंच सांगितलं की डावा दिवा फिका आहे तो तसाच राहायचा, दत्ताराम बघून गेलाय. पुढचं ती बोलली नाही. आज सांगू, उद्या सांगू असंही तिनं ठरवलं नाही. सरळ नाही सांगितलं.

दसरा जवळ आला. दसऱ्याला गिरणीची पूजा, आणि पूजेनंतर हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताची पहिली पाटी हलरमधून काढायची, ही महिपतीनं पाडलेली रीत. त्या नव्या तांदळाची खीर सगळ्या आळीला जायची. आदल्या दिवशी येसूबाई छपर झाडत, सारवत, मोटार पुसत होती. तुळजाबाई झेंडूची फुलं घेऊन आली आणि तिची नजर भुईच्या तारेवर गेली. पुराच्या पाण्यानं तांबं हिरवं पडलं होतं.

"दिवेवालीला दिसत नाय वाटतं," ती म्हणाली. "देवाची तांब्याची भांडी घरात लखलखतात, आनि हितं बग. पाव्हनं काय म्हनतील?"

बोलताना मनात काय होतं हे तिचं तिलाच ठाऊक. पोरीला टोचायचं होतं, एवढं नक्की. येसूबाईचा चेहरा उतरला. आपल्या हातून चूक राहिली हे तिला नेहमीच लागायचं. तुळजाबाई फुलं ठेवून निघून गेली, आणि मागं काय होईल ते बघायला थांबली नाही.

दसऱ्याला छपर माणसांनी भरलं. नुकतंच सारवलेलं, अजून ओलसर. पाहुणे, शेजारी, गाडीवाले, कामाच्या बायका. महिपती नव्या करकरीत वहाणा घालून दारात उभा होता. पूजेच्या जागी त्या काढाव्यात हे त्याला कोणी सांगायचं धाडस केलं नाही. विहिरीकडून कुशाबानं इंजिन लावलं. मोटार घुमली, हलर खडखडला, फळीवरचे दोन दिवे पेटले.

दोन्ही अगदी सारखे.

"बगा!" महिपती पाहुण्यांना म्हणाला. "डावा जरा आजारी व्हता. सनाला बरा झाला!"

सगळे हसले. तुळजाबाई हसली नाही. भाद्रपदाच्या उन्हानं ओल सुकली असेल, असं तिनं आधी मनाला सांगितलं. सुकूही शकते. मग तिची नजर खाली गेली. भुईची तार सोन्यासारखी चमकत होती. चिंचेनं घासली होती, राखेनं उजळली होती, जसं घरातलं तांबं उजळतात. घासायला येसूबाईनं ती बोल्टमधून ओढून काढली होती, आणि गंजलेला बोल्ट परत फिरेना म्हणून पूजेच्या लाल नाड्यानं मोटारीच्या रंगवलेल्या पायाला सुरेख गाठ मारून बांधून ठेवली होती. नाडा आणि रंग. तांब्याचं लोखंडाशी कुठंही नातं उरलं नव्हतं.

ओल सुकली नव्हती. दिवे आंधळे झाले होते.

छपरात एवढी माणसं होती, पण हे एकट्या तुळजाबाईला कळलं. तिला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलायचं, त्या भीतीत एक प्रकारचा आनंदही होता. सोपं काम! बघा आता तुमची दिवेवाली!

येसूबाई पूजेचं ताट घेऊन पुढं आली. नुकतीच न्हालेली, अंबाड्यातून पाणी ठिबकतंय, हात ओले, पाय उघडे, पायांत नवी जोडवी. मोटारीपाशी ती थबकली, वळली, आणि ताट तुळजाबाईपुढं धरलं.

"आक्का, पयला मान तुमचा. तुमी थोरल्या. तुमी कुंकू लावा, मग मी."

सगळ्यांच्या नजरा तुळजाबाईकडे वळल्या. इतके दिवस जे तिला हवं होतं ते हेच तर होतं. भरल्या छपरात, नवऱ्यासमोर, कोणीतरी म्हणावं की पहिला मान तुझा. आणि तो मान कुठं घ्यायचा, तर त्या लोखंडावर. तिनं ताटाकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं.

"तू लाव," ती म्हणाली. "आता समदं तुझंच हाय."

शब्द तोंडातून गेले. येसूबाईचं तोंड एकदम फुललं. या घरात आल्यापासून आक्कानं तिला आपणहून काही दिलं ते हे पहिलंच. तिनं ताट खाली ठेवलं आणि वाकून तुळजाबाईच्या पायांना हात लावला. ओली, गार बोटं तुळजाबाईच्या जोडव्यांना लागली, कपाळ पावलांवर टेकलं. मग ती उठली, बोट कुंकवात बुडवलं आणि मोटारीकडे वळली.

तुळजाबाई मत्सरी होती, हलक्या मनाची होती, वाटेल ते म्हणा. पण पायावर डोकं ठेवणाऱ्या पोरीला मरताना उभ्या उभ्या बघण्याएवढी ती अजून गेली नव्हती. येसूबाईचं बोट लोखंडापासून वीतभर राहिलं असेल, तेवढ्यात तुळजाबाईनं मागून तिचा अंबाडा मुठीत धरला आणि सगळ्या ताकदीनं मागं ओढलं. येसूबाई किंचाळली. ताट उलटलं, कुंकू सारवणावर सांडलं, दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या.

"इंजिन बंद करा!" तुळजाबाई ओरडली. "मोटारीत करंट हाय!"

कोणी हललं नाही. सगळ्यांनी जे पाहिलं ते साधं होतं: थोरलीनं धाकटीला सणाच्या दिवशी केसांना धरून लोळवलं. एक पाहुणी दुसरीच्या कानाला लागली. ठकूबाईनं तोंडावर पदर धरला.

महिपती लाल झाला. "दिवे बग की गो, दिवे!" तो ओरडला. "दोनी सारखे हायत!"

"सारखे हायत म्हनूनच सांगते!"

"सवतीमत्सर लपवायला आता दिव्यांचं नाव?" तो तरातरा पुढं गेला आणि त्या करकरीत वहाणांनिशी उभा राहून त्यानं मोटारीवर हात ठेवला. ठेवला आणि ठेवूनच राहिला. "काय झालं? सांगा मला, काय झालं?"

काहीच झालं नव्हतं. वहाणा कोरड्या आणि जाड होत्या. लोक कुजबुजले, कोणी हसलंही. येसूबाई उठून बसली. डोळ्यांत पाणी, अंबाडा सुटलेला. तिनं तुळजाबाईकडे पाहिलंच नाही. नवऱ्याची शोभा राहावी, सण मोडू नये, एवढंच तिच्या मनात असावं. तिनं सांडलेल्या कुंकवात बोट टेकवलं आणि गुडघ्यांवरच पुन्हा मोटारीकडे सरकली.

सांगून कोणी ऐकणार नव्हतं. तुळजाबाई उठली, येसूबाईच्या आडवी झाली, ओल्या सारवणावर पाय रोवले आणि उजवा हात पालथा करून मोटारीला लावला.

तिचं सगळं अंग एकदा ताठलं. घशातून निघालेला आवाज माणसाचा वाटला नाही. ती मागं फेकली गेली आणि हलरच्या कठड्याला आपटून खाली बसली. पण त्याआधी, तिचा हात लोखंडाला होता तेवढा वेळ, सगळ्यांनी फळीवर पाहिलं. डावा दिवा फिका पडला, उजवा चढला. हात सुटला आणि दोघे पुन्हा सारखे झाले.

"कुशाबा! बंद कर!" आता महिपतीच ओरडला, आणि ओरडताना त्याचा आवाज चिरकला.

इंजिन बंद झालं. खीर त्या वर्षी झाली नाही. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला महिपती तीच गोष्ट सांगत होता, "आमच्या तुळजानं नुसते दिवे बगून ओळखलं, मुंबयच्या इंजिनेराला जमलं नसतं." या वेळी त्यानं ती गोष्ट तिच्या नावानं सांगितली. आणि आत येऊन तिला म्हणाला, "दिवे उद्यापास्नं तूच बगायचे. मी चुकलो."

तुळजाबाई माजघरात भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात खांद्यापासून बधिर, मांडीवर परक्या वस्तूसारखा पडलेला. येसूबाई समोर बसून त्याला कोमट खोबरेल चोळत होती. बाहेरून महिपतीचा आवाज येत होता. हवं होतं ते सगळं मिळालं होतं: दिवे, मान, नवऱ्याच्या तोंडून कौतुक. तुळजाबाईला त्यातलं काहीच गोड लागत नव्हतं.

"आक्का," येसूबाई खाली बघतच म्हणाली, "ती तार घासायची नसते, हे तुमाला आदी म्हाईत व्हतं?"

"व्हय."

चोळणं चालू राहिलं. मनगट, मग एकेक बोट.

"आनि मला 'तू लाव' बोललात, तवा? तवा बी म्हाईत व्हतं?"

नाही म्हणता आलं असतं. कोणाला कळणार होतं? तिनं स्वतःचा जीव धोक्यात घातलेला सगळ्या आळीनं पाहिला होता. पण तिचा हात त्या पोरीच्या दोन्ही हातांत होता, आणि त्या हातांनी खोटं ओळखलं असतं असं तिला वाटलं.

"व्हय," तुळजाबाई म्हणाली. "तवा बी म्हाईत व्हतं."

येसूबाईचे हात थांबले. तिनं तुळजाबाईचा हात सावकाश तिच्या मांडीवर ठेवला, तेलाची वाटी बाजूला सारली आणि पदराला बोटं पुसली. रडली नाही, भांडली नाही, नवऱ्याला हाकही मारली नाही.

"कुनाला सांगनार नाय मी," ती उठताना म्हणाली. "दिवे तुमीच बगा. पन सकाळी इंजिन लागलं की मोटारीला पयला हात तुमी लावायचा. माझ्या आदी, ठकूबायच्या आदी, समद्यांच्या आदी. रोज. मान तुमचा हाय ना?"

आणि ती उत्तरासाठी दारात उभी राहिली. बाहेर महिपती पुन्हा पहिल्यापासून गोष्ट सांगायला लागला होता. तुळजाबाईनं डाव्या हातानं बधिर हात उचलून छातीशी धरला.

"लावीन," ती म्हणाली.